मामाजींचा 'पिंजरा' आणि सूनबाईचं मत

कारंजा (लाड) तालुक्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणतात. खाली सही आहे 'रिमोट न मिळणारी'. पत्र लांबलचक आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा सांगते.

घरात टीव्ही एकच. संध्याकाळी सात वाजले की सासूबाईंच्या मालिका सुरू. रविवारी दुपारी मामाजींचे म्हणजे सासऱ्यांचे जुने सिनेमे. रात्री जेवणं झाली की नवऱ्याच्या साऊथच्या मारामाऱ्या. दोन्ही पोट्टे मोबाईलवर. ताईंच्या वाट्याला येतं ते भाकरी थापताना दारातून जेवढं दिसेल तेवढं. मागच्या महिन्यात 'पिंजरा' लागला आणि कधी नव्हे ते सगळे एकत्र बसले. सिनेमा संपल्यावर मामाजी म्हणाले, "बाईच्या नादानं देवमाणसाची माती झाली." ताईंच्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, मास्तर सोता घसरला. त्याचं पाप बाईच्या माथी कायले?"

मामाजी भडकले. "तुले काय समजते व त्यातलं! तू जलमलीबी नव्हती तवा शकुंतलेनं मूर्तिजापूरले जाऊन पाह्यला म्या हा पिच्चर." तेव्हापासून ते ताईंशी सरळ बोलत नाहीत. पाणी पाहिजे असलं तरी नातवाला सांगतात, "तुह्या मायले सांग." नवरा म्हणतो, पाया पडून मोकळी हो, पिच्चरपायी घरात कटकट कायले.

ताईंचं माहेर आरमोरीकडचं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरायची, रात्रभर नाटक चालायचं आणि पहाटे घरी परतताना वाटेनं बायाच जास्त बोलायच्या. कोणाचं काम जमलं, कोण पाठांतर विसरला, सगळा पंचनामा व्हायचा. तिथं मत विचारत, इथं मत दिलं की उद्धट म्हणतात, अशी त्यांची तक्रार आहे. पुढे त्या विचारतात, माझं मत चुकलं का? माफी मागू का? 'जुनं ते सोनं, आताचं सारं चोरलेलं, सैराटनं पोट्टे बिघडवले' हे रोज ऐकून घ्यायचं का? सासूबाईंच्या 'रडक्या' मालिका कशा सोसायच्या ('त्यांना काय समजते, दाखवलं ते पाहतात')? टीव्हीवर आमची बोली फक्त हसवायलाच का येते? आणि सगळ्यांनी मिळून पाहावं असं काही आहे का, की नवरा म्हणतो तसा कापसाच्या पैशात दुसरा टीव्हीच घ्यावा?

ताई, आधी माफीचं सांगून टाकते, कारण त्यातच तुमचा जीव अडकलेला दिसतो. मागू नका. सणावाराला पाया पडताच, तेवढं पुरे. सिनेमावर बोललं म्हणून पाया पडायला लागलात, तर उद्या वरणात मीठ जास्त झालं म्हटलं तरी पडावं लागेल. आणि तुम्ही मामाजींना काही बोललाच नाहीत, मास्तरला बोललात. तो मास्तर 1972 पासून लोकांचं ऐकून घेतो आहे. त्यात तुमचं एक.

मत चुकलं का, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ज्यांनी 'पिंजरा' पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्ही. शांतारामांचा सिनेमा. गावाला वळण लावणारा आदर्श मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू, तमाशातली चंद्रकला म्हणजे संध्या. मास्तर तमाशाला विरोध करतो, चंद्रकला दुखावते आणि याच मास्तरच्या हातात फडातलं तुणतुणं द्यायचं असं मनात घेते. शेवटी होतंही तसंच. मधल्या काळात दुसऱ्याच कोणाचं तरी प्रेत मास्तरचं समजून गाव रडतं, मास्तरचा पुतळा उभारतं. मग वेळ अशी येते की खरा मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपात कोर्टात उभा राहतो, आणि 'तो मीच' असं म्हणत नाही.

तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. सिनेमा चंद्रकलेला नाच देतो, रंग देतो, सगळी चांगली गाणी देतो, आणि हिशेबाची वेळ आली की उधारी तिच्या नावावर मांडतो. मास्तरला कोणी हात बांधून फडात नेलं नव्हतं. शिकलेला, चार लोकांना शहाणपण सांगणारा माणूस स्वतःच्या पायानं चालत गेला. पण एक जागा तुमच्या नजरेतून सुटली असं वाटतं. त्या वेळी बहुतेक तुम्ही तव्याजवळ असाल. चंद्रकला सूड घ्यायला निघते खरी, पण पुढे तो सूड विरतो आणि तिचा जीव त्या माणसात अडकतो. त्यानंतरची चंद्रकला वेगळीच बाई आहे, आणि संध्यानं हा बदल नुसत्या चेहऱ्यावर दाखवला आहे. तेव्हा सिनेमानं तिला निव्वळ नागीण केलं, असं म्हणता येत नाही. 'बाईच्या नादानं माती झाली' एवढंच त्यातून घेतलं असेल तर तो दोष शांतारामांचा कमी आणि मामाजींचा जास्त. (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नका.)

मला विचाराल तर त्या सिनेमातलं खरं अवघड प्रकरण ते गाव आहे. मास्तर गप्प का राहतो? पुतळा पडू नये म्हणून. आपण घसरलो हे कळलं तर गावाचा चांगुलपणावरचा विश्वासच जाईल, असं त्याला वाटतं. म्हणजे गावाला चालता-बोलता, चुकणारा मास्तर परवडत नाही, दगडाचा परवडतो. हे पाहिलं की मला चंद्रकलेचा राग येत नाही आणि मास्तरचाही येत नाही. पुतळ्याला हार घालणाऱ्यांचा येतो. शेवट मात्र फार ताणला आहे, एवढं माझं शांतारामांशी भांडण आहेच.

आता मामाजींचं वाक्य पुन्हा वाचा. 'शकुंतलेनं मूर्तिजापूरले जाऊन पाह्यला.' तुम्हाला त्यात फक्त 'तुले काय समजते' ऐकू आलं, आणि राग आला ते बरोबरच. पण पुढचा अर्धा भाग सोडू नका. शकुंतला म्हणजे यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती, आता तर बंदच आहे, रूळ गवतात शोधावे लागतात. 'पिंजरा' आला ते 1972 साल महाराष्ट्रात मोठ्या दुष्काळाचं. तुमच्याकडे तो त्याच वर्षी पोहोचला असेल किंवा मागाहून, पण मामाजींना तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं असणार. तिकिटाचे पैसे कुठून आणले, घरी काय थाप मारली, सोबत कोण होतं, परतीची गाडी सापडली की रात्र फलाटावर काढली, हे तुम्ही कधी विचारलंय का? त्यांच्या लेखी 'पिंजरा' म्हणजे ती सगळी रात्र आहे. तुम्ही मास्तरला नाव ठेवलं आणि त्यांना वाटलं, सून आपल्या त्या रात्रीला नाव ठेवते आहे.

म्हणून चहा देताना, नातवाला मध्ये न घालता, विचारा, "मामाजी, मूर्तिजापूरले कोणासंग गेलते तुमी?" आणि मग ऐका. ते सांगत असताना चंद्रकलेची बाजू घेऊ नका, तिला पन्नास वर्षं झाली, अजून अर्धा तास ती थांबेल. त्यांचं बोलून झालं की तुमचं म्हणणं पुन्हा मांडा, मागे घेऊ नका. फक्त 'पाप कोणाचं' असं म्हणू नका, कारण मग समोरचा माणूस वकील होतो. सिनेमातली जागा दाखवा. "मास्तर पहिल्यांदा तुणतुणं धरते ना, तवा मले चंद्रकलेकडंच पाहावं वाटलं." असं म्हटलं की ते ती जागा आठवायला लागतील, आणि आठवता आठवता थोडे मऊ होतील. 'बराबर हाय सूनबाई' असं काही म्हणणार नाहीत, ती आशा सोडा. 'हं' म्हणतील. वऱ्हाडातल्या सासऱ्याचं 'हं' किती मोठं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

लागूंचा विषय निघाला तर आणखी एक सांगून ठेवा. लागू पेशानं कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. अशा गोष्टी जुन्या प्रेक्षकांना फार आवडतात आणि पुढच्या दिवशी पारावर जाऊन ते स्वतःच्या म्हणून सांगतात.

'जुनं ते सोनं' हे मात्र ऐकून घेऊ नका. ते खरं नाही. मामाजींना त्या काळातल्या मराठी सिनेमांची नावं विचारा. 'पिंजरा' म्हणतील, दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' म्हणतील, 'सामना' म्हणतील, आणि मग अडखळतील. त्या काळी टुकार सिनेमे निघत नव्हते असं नाही, ते वाऱ्यावर गेले. त्यांच्या काळातलं आपल्यापर्यंत येतं ते उफणून आलेलं, आणि आजचं आपल्यासमोर पडतं ते खळ्यावरचं, कुटारासकट. तुलना करायची तर आजचंही आधी उफणू द्या.

'आताचं सारं चोरलेलं' यावर तर तुमच्याकडे चांगला दारूगोळा आहे. 'पिंजरा'च्या गोष्टीची मुळं 1930 च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन सिनेमात आहेत. तिथंही शिस्तीचा शिक्षक, नाचगाणं करणारी बाई आणि शिक्षकाचा ऱ्हास. निम्म्या महाराष्ट्राला ज्याचे संवाद तोंडपाठ आहेत त्या 'अशी ही बनवाबनवी'ची (1988) गोष्ट 1966 च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावरून घेतलेली. पण हे मामाजींच्या तोंडावर फेकू नका, आणि मनातही त्या सिनेमांची किंमत कमी करू नका. जर्मनीतली गोष्ट उचलून शांतारामांनी ती फडात अशी बसवली की मामाजींना ती शेजारच्या गावात घडल्यासारखी वाटते. चोरी म्हणायची तर अशी चोरी चार लोकांना जमू दे, मराठी सिनेमाचं भलं होईल.

राहिला 'सैराट'. 2016 साली तो आला तेव्हापासून खेड्यापाड्यात हेच ऐकते आहे, पोट्टे बिघडले, पळून जायला लागले. जणू 2016 च्या आधी आपल्याकडे कोणी पळून जात नव्हतं. मामाजींनी तो शेवटपर्यंत पाहिला आहे का, ते आधी विचारा. पुष्कळ जणांनी गाण्यांवर नाचून घेतलं आणि शेवटाला चपला शोधायला लागले. अजय-अतुलच्या संगीतानं दणाणून सोडलेला सिनेमा शेवटी एकदम मुका होतो. आवाज नाही, गाणं नाही, रक्तातून चालत बाहेर येणारं लहान पोर आणि त्याची पावलं. पळून जा असं सांगणारा सिनेमा असा संपत नाही. त्यानं बोट दाखवलं आहे ते पोरांकडे नाही, मोठ्यांकडे. पिंजऱ्यातल्या गावाला पुतळा हवा होता, इथल्या घराण्याला अब्रू हवी आहे. मामाजींना दोन्ही सिनेमांवर एकाच बैठकीत बोलतं केलंत तर मला जरूर कळवा, मला त्यात फार रस आहे.

आता तुमच्यावर येते. राग धरू नका.

पत्रात तुम्ही सासूबाईंबद्दल लिहिलं आहे, 'त्यांना काय समजते'. मामाजी तुम्हाला म्हणाले तेव्हा तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत. तुम्ही सासूबाईंना म्हणालात, त्यांनी कोणाला लिहायचं?

मालिका रडक्या असतात, मान्य. ताणतात, हेही मान्य. त्यामागचं गणित साधं आहे. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, दर गुरुवारी कोणी किती पाहिलं त्याचे आकडे येणार, आकडे चांगले असतील तोवर गोष्ट संपवायची कशाला? 'चार दिवस सासूचे' 2001 ला सुरू झाली आणि 2013 पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. नावात चार दिवस होते! कोणत्याही लेखकाची गोष्ट एवढी लांबत नाही, मग स्मृती जाते, जुळी बहीण येते, कोणीतरी जिन्यावरून ढकलतं. त्याला हसायचं तर खुशाल हसा, सासूबाईही हसत असतील.

पण त्या मालिकेतून काय घेतात ते टीव्हीसमोर कळणार नाही. कापूस वेचायला त्यांच्या ओळीशेजारी लागा आणि कान उघडे ठेवा. कमरेच्या झोळीत कापूस टाकता टाकता एक म्हणते, "कालचं पाह्यलं का व? पोरगी भरल्या ताटावरून उठली, अन् सासूनं जेवबी नाही म्हटलं." दुसरी म्हणते, "असंबी असते व कोणी?" तिसरी काहीच बोलत नाही, खाली मान घालून वेचत राहते. आणि बाकीच्यांना ठाऊक असतं की ती कोणाच्या घरची गोष्ट आहे. मग कोणीतरी मालिकेतल्या सुनेला सल्ला देतं, 'तिनं आपल्या भावाले बोलावून घ्याव', 'तिनं आता गुपचूप नाही राहाव'. सल्ला टीव्हीतल्या सुनेला नसतो. तिसरीला असतो. कोणाचं नाव निघत नाही, कोणाची अब्रू जात नाही, आणि सांगायचं ते सांगून होतं. झाडीपट्टीतून पहाटे परतताना तुमच्या आया-मावशा वाटेनं जे करत होत्या, ते हेच नाही का? तुम्ही पंचनामा म्हणता, त्यातला निम्मा नाटकाचा असेल आणि निम्मा गावाचा.

सासूबाईंना एकदा विचारून पाहा, "त्या सुनेनं काय कराले पाह्यजे होतं, तुमाले काय वाटते?" उत्तर ऐकून तुम्ही खूश व्हाल असं नाही. कदाचित डोकं फिरेल. पण स्वतः सून असताना त्यांनी काय सोसलं, काय गिळलं, ते त्या उत्तरात कुठंतरी सापडेल. सरळ विचारलंत तर 'आमच्या टायमाले असं नव्हतं' एवढ्यावर थांबतील.

आणि एक गंमत पाहा. तुमचं पिंजऱ्यावरचं मत मामाजींपेक्षा सासूबाईंना लवकर समजेल, पण पिंजऱ्यावरून नाही. त्यांनी 'माझ्या नवऱ्याची बायको' पाहिली असणारच. 2016 ते 2021 पर्यंत चालली, आणि आपल्या भागात तर घराघरात. नवरा गुरुनाथ, त्यानं ठेवलेली शनाया, आणि बायको, नागपूरची राधिका. लग्न मोडायला निघाला गुरुनाथ, आणि आपल्या ओसऱ्यांवरून शिव्या सगळ्यात जास्त कोणाला पडल्या? शनायाला. सासूबाईंना एवढंच म्हणा, "गुरुनाथ सोता गेला, शनायालेच शिव्या कायले?" नाही त्यांच्या लक्षात आलं तर बोला. उलट त्या मालिकेत गुरुनाथचे आईबाप मुलाला सोडून सुनेच्या बाजूनं उभे राहिले, ही गोष्टही काढून ठेवा. घरात उपयोगी पडेल.

बोलीचं तुमचं दुखणं माझंही आहे. 'मले-तुले' ऐकू आलं की समजायचं, आता हसायचं आहे. नोकर, हवालदार, गावंढळ पाहुणा, वऱ्हाडी बोलणार तो असा कोणीतरी. त्यात राधिका वेगळी वाटली ती यासाठी की ती आपल्यासारखं बोलायची आणि तरी मसाल्याचा धंदा उभा करून मुंबईकरांना कामाला लावायची. काम करणारी अनिता दाते नाशिकची, त्यामुळे काही ठिकाणी 'हे नागपूरचं नाही' असं कानाला खटकायचं, पण तिनं मेहनत घेतली. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या'मध्ये हसवायचे, पण तिथं बोलीवर हसू यायचं नाही, माणसाच्या तिरकस डोक्यावर यायचं. तो फरक आहे. आणि हसणं-बिसणं काही नको असेल तर 'कोर्ट' हा सिनेमा पाहा. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे नागपूरचे वीरा साथीदार. त्यांनी आयुष्य चळवळीत घालवलं आणि कॅमेऱ्यासमोर ते अभिनय करतात असं कुठं वाटतच नाही. 2021 मध्ये कोरोनानं गेले. त्यांचं नाव पुरेसं घेतलं गेलं नाही.

तुमच्या मालकांच्या मारामाऱ्यांवर माझं काही म्हणणं नाही. दिवसभर वावरात राबलेला माणूस, त्यात रात्री ओलिताला लाईन येते तेव्हा मोटार सुरू करायला पुन्हा उठायचं, त्याला गंभीर काही दाखवू नये. पुष्पाला हिंदीत आवाज आपल्या श्रेयस तळपदेनं दिला आहे, एवढं त्यांना सांगा. पोट्ट्यांचं निराळं पत्र लिहा.

एकत्र पाहायचं तर सुरुवात 'सामना'पासून करा, कारण मामाजी नाही म्हणू शकणार नाहीत. जुना आहे आणि लागूही आहेत. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, तेंडुलकरांचं लिखाण, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. इथंही मास्तरच आहे, पण दारुडा, आणि त्याच्यासमोर साखर कारखाना चालवणारा पुढारी म्हणजे निळू फुले. मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं. पिंजऱ्यातला मास्तर स्वतःचं नाव सांगत नाही आणि हा दुसऱ्याचं नाव सोडत नाही. हे तुम्ही बोलू नका. मामाजींना बोलू द्या.

नंतर 'पंचायत'. ही 2020 पासूनची वेब मालिका आहे, पोट्ट्यांना टीव्हीला जोडून द्यायला सांगा, तेवढीच त्यांची मदत. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावाची असली तरी चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात झालं आहे. प्रधान कागदावर बाई आणि कारभार पाहणार नवरा, हे तुमच्या ग्रामपंचायतीत कोणाला नवीन नसावं. सासूबाईंना नीना गुप्ता आवडेल. पुढचे सीझन पहिल्याइतके हलके राहिलेले नाहीत, राजकारण फार शिरलं आहे, पण पहिला बिनधास्त लावा.

'गाभ्रीचा पाऊस'ही (2009) सांगते, पण जपून. सतीश मनवरांचा सिनेमा आहे, आपल्याच कोरडवाहू विदर्भातला. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर बायकोच्या मनात आपल्या नवऱ्याविषयी भीती शिरते, आणि ती पोराला, सासूला त्याच्या मागं पाळतीवर ठेवते. त्यात हसूही आहे, आणि ते आपल्याकडच्या माणसालाच समजेल असं आहे. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी दोघांनीही छान काम केलं आहे. पण तुमच्या घरात, भाऊबंदात, शेजारात असं काही घडलं असेल, किंवा यंदा पिकानं दगा दिला असेल, तर सगळ्यांना बसवून हा लावू नका. आधी एकट्यानं पाहा आणि मग ठरवा.

दुसऱ्या टीव्हीचं म्हणाल तर कापसाचे पैसे हातात येण्याआधी कृषी केंद्राच्या उधारीत जातात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. त्यातून उरलेच तर टीव्ही नको, डिशचं वर्षाचं रिचार्ज एकदम मारून घ्या, स्वस्त पडतं. आणि रविवारी दुपारची भाकरी अकरालाच उरकून टाका. पहिल्यापासून बसायला मिळालं तर चंद्रकलेची मधली जागा या वेळी सुटणार नाही.